मदत हवी आहे: टॅलीत एकाच गिऱ्हाइकाची तीन-तीन खाती, साफसफाई कुठून सुरू करू?

नमस्कार. मिरजेत आमचं पीव्हीसी पाईप आणि फिटिंगचं होलसेल दुकान आहे. बाबांनी उभं केलं, गेली दोन वर्षं मी बघते. गिऱ्हाईक निम्मं शेतकरी, निम्मं खेड्यांतले छोटे दुकानदार. कर्नाटकातल्या कागवाड, अथणीकडचेही बरेच आहेत.

टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये आज आमची २,३०० पार्टी खाती आहेत. खरी गिऱ्हाइकं पंधराशेच्या आत असावीत. 'पाटील ट्रेडर्स', 'श्री पाटील ट्रेडर्स', 'पाटील ट्रेडर्स नवीन' अशी रांगच आहे. चौधरी तर इंग्रजीत चार तऱ्हांनी लिहिलेत. काउंटरवर गर्दी असते, नाव चटकन सापडलं नाही की मुलं नवं खातं उघडतात.

मालाचंही तेच. शेतकरी 'अडीच इंची' मागतो, कंपनीच्या बिलावर ७५ मिमी असतं, आणि आमच्याकडे दोन्ही नावांनी आयटम आहेत. खरेदी एकात, विक्री दुसऱ्यात. एकाचा स्टॉक उणे, दुसऱ्याचा गोडाऊनमध्ये नाही एवढा. त्यात कुणी नगावर बिल केलंय, कुणी मीटरवर.

गेल्या महिन्यात एका शेतकऱ्याने भरलेले १८,००० रुपये त्याच नावाच्या दुसऱ्या माणसाच्या खात्यावर जमा झाले, आणि मी पहिल्यालाच वसुलीचा फोन केला. ते पावती घेऊन दुकानात आले. आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाले, "ताई, तुमच्या बाबांनी मला कधी पावती दाखवायला लावली नव्हती." मला ते फार लागलं.

त्याच आठवड्यात एका दुकानदाराचं बिल चुकीच्या जीएसटी नंबरवर गेलं. त्याच्या २बी मध्ये, म्हणजे जीएसटी पोर्टलवरच्या खरेदी बिलांच्या यादीत, ते दिसेना, म्हणून त्याने पैसे अडवून धरले. पुढच्या जीएसटीआर-१ मध्ये, म्हणजे विक्रीच्या रिटर्नमध्ये, दुरुस्ती केली, पण तोवर महिना गेला.

आमचे दिवाणजी ३० वर्षं आहेत. कुठला पाटील कुठला, हे त्यांना तोंडपाठ. दिवाळीनंतर ते घरी बसणार आहेत. त्याआधी मला हे मार्गी लावायचं आहे. जुनी खाती एकत्र कशी करू? आणि पुन्हा असं होऊ नये म्हणून काय बांधून घेऊ?

प्रतिसाद १

इचलकरंजीत यंत्रमागवाल्यांचे हिशेब बघतो, हे दुखणं रोजचं आहे. ताई, नावावरून खाती एकत्र करू नका. आधी सगळी यादी एक्सेलमध्ये काढा. जीएसटी नंबर १५ अक्षरांचा असतो, त्यातली तिसऱ्यापासून बाराव्यापर्यंतची दहा अक्षरं म्हणजे पॅन. तेवढी वेगळ्या रकान्यात घ्या आणि यादी त्या क्रमाने लावून बघा. नावं कितीही वेगळी असोत, एक मालक एका जागी येईल.

पण पहिले दोन आकडे बघितल्याशिवाय हात लावू नका. २७ महाराष्ट्र, २९ कर्नाटक. एकाच माणसाचं मिरजेत आणि अथणीत दुकान असेल तर पॅन एक, नंबर दोन, आणि खातीही दोनच हवीत. नाहीतर परराज्यातल्या विक्रीच्या आयजीएसटीच्या जागी राज्यातल्या विक्रीचे सीजीएसटी-एसजीएसटी लागतील. शेवटचं अक्षर पडताळणीचं असतं, टाइप करताना एखादं अक्षर चुकलं तर त्यातून कळतं. भलत्याच पार्टीचा बरोबर नंबर टाकलात तर मात्र ते काही सांगणार नाही.

बंद झालेल्या वर्षांची बिलं उकरू नका, रिटर्न भरून झालेत. १ एप्रिलला जर्नल एंट्रीने (एका खात्यातून दुसऱ्यात वळवायची नोंद) बाकी एका खात्यात वळवा, तीही बिलवार. एकरकमी वळवलीत तर कुठलं बिल किती दिवसांचं हे हरवतं. जुन्या खात्याच्या नावापुढे 'बंद' लावा.

नवं खातं उघडायचा अधिकार एकाच माणसाकडे ठेवा. टॅलीत प्रत्येकाला वेगळा युजर देऊन ते बांधता येतं. घाईच्या वेळी मुलांनी उधारी 'तात्पुरते खाते' यावर टाकावी, आणि शटर ओढण्याआधी ते खातं शून्य झालं पाहिजे. ही एक सवय लागली की निम्मं काम झालं. आयटमला अलायस, म्हणजे दुसरं नाव, द्या: मुख्य नाव ७५ मिमी, अलायस अडीच इंची. ४ केजी आणि ६ केजी दाबाचे पाईप मात्र एकत्र होऊ देऊ नका. आणि ज्या दिवशी आयटम जोडाल त्या दिवशी गोडाऊन हाताने मोजा.

धागाकर्ती

मनापासून आभार, दादा. पॅनचा रकाना आजच केला. १४० जोड्या लगेच सापडल्या, त्यातल्या ११ कर्नाटकच्या निघाल्या, त्या तशाच ठेवल्या. नंबर नसलेल्या शेतकऱ्यांसाठी रोज संध्याकाळी दिवाणजींजवळ तासभर बसते. ते सांगतात, मी गाव, वडिलांचं नाव आणि मोबाइल लिहून घेते. काल ४० खाती झाली.

एकच अडलंय. काही ठिकाणी वडील वारले आणि दुकान मुलगा चालवतो. नाव तेच, पॅन वेगळा, उधारी वडिलांच्या खात्यावर.

प्रतिसाद १

ती दोन खाती वेगळीच राहू देत. मुलाकडून जुन्या बाकीवर सही घ्या, पैसे येतील तसे वडिलांच्या खात्यावर जमा करा. नवी बिलं फक्त मुलाच्या नंबरवर. आणि हे दिवाणजींसमोर करा, त्यांचा शब्द तो मुलगा मानेल.