एफआरपी की महसूल वाटणी? सराव परीक्षेतलं उत्तर आणि शिरोळचा ऊस

पंचगंगाकाठ

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या आमच्या स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत परवा सराव परीक्षेचे पेपर तपासून मिळाले. प्रश्न होता, ‘ऊसदराचं सध्याचं धोरण बदलायला हवं का?’ अकरा जणांपैकी नऊ जणांनी जवळपास एकच उत्तर लिहिलं होतं. एफआरपीमुळे, म्हणजे केंद्राने ठरवलेल्या उसाच्या किमान दरामुळे, कारखाने तोट्यात जातात, म्हणून रंगराजन समितीने २०१२ मध्ये सुचवलेली महसूल वाटणी आणा. साखर आणि उपपदार्थ मिळून येणाऱ्या पैशातले ७० टक्के शेतकऱ्याला, नुसती साखर धरली तर ७५ टक्के.

मी उलट लिहिलं आणि अजून त्यावर ठाम आहे, म्हणून हा धागा.

महसूल वाटून घ्यायचा तर तो मिळवायची मोकळीक हवी. लेव्ही साखर, म्हणजे कारखान्यांनी सरकारला सक्तीने स्वस्तात द्यायची साखर, २०१३ मध्ये गेली तेव्हा साखर धंदा मोकळा झाला असं सगळीकडे छापून आलं. पण जून २०१८ पासून कोणत्या कारखान्याने महिन्याला किती साखर विकायची ते पुन्हा दिल्लीतून ठरतं. जून २०२२ पासून निर्यातीला लगाम आहे, परवानगी मिळेल तेवढीच साखर बाहेर जाते. ७ डिसेंबर २०२३ ला तर गाळप चालू असताना उसाच्या रसापासून इथेनॉल करायला मनाई आली. ज्यांनी केंद्राच्याच व्याज सवलतीवर कर्ज काढून डिस्टिलरी उभी केली होती, तेही त्यात सापडले. हे बंधन २०२४-२५ साठी उठलं, पण एक हंगाम गेला तो गेलाच.

शहरात साखर महागू नये म्हणून सरकार हे करतं, आणि त्याची कारणं मला समजतात. पण त्या निर्णयाचा फटका महसूल वाटणीत थेट माझ्या वडिलांच्या बिलात उतरणार. आज तो निदान कारखाना आणि सरकार यांच्यात अडतो.

दुसरं म्हणजे हिशेब. २०२५-२६ च्या हंगामाची एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण) टनाला ३५५० रुपये, आणि वरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३४ रुपये ६० पैसे. आमच्या भागात १२ टक्के उतारा नवा नाही. म्हणजे ४१५५ रुपये ५० पैसे, त्यातून तोडणी-वाहतूक वजा. वडील हे बांधावर बसून काढतात. महसूल वाटणीत त्यांना कारखान्याचा ताळेबंद वाचावा लागेल, आणि तो खरा आहे असं मानावंही लागेल.

कागलकर

मी त्या नऊ जणांसारखाच विचार करतो, पण पाठ करून नाही. आमचं घर सहकारी कारखान्याचं सभासद आहे. तुझ्या लिखाणात कारखाना म्हणजे कुणीतरी तिसराच माणूस आहे. सहकारात तो आपलाच असतो, आणि त्याचा तोटाही आपलाच.

एफआरपी २०१८-१९ ला १० टक्के उताऱ्यावर २७५० होती, २०२५-२६ ला १०.२५ वर ३५५०. साखरेचा किमान विक्री दर मात्र फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये केला, त्यानंतर एफआरपी एवढी वर गेली तरी तो ३१ वरच. ऊस चार-पाच महिन्यांत येतो, पैसे चौदा दिवसांत द्यायचे आणि साखर विकायची वर्षभर. मधला काळ भरून निघतो बँकेत साखर तारण ठेवून. त्या व्याजात आमचा दुसरा हप्ता जातो, कधी कामगारांचा पगार थकतो. कारखाना बंद पडला की एफआरपीचा आकडा कागदावर राहतो आणि ऊस फडात.

आणि चौदा दिवसांचं म्हणशील तर ऊस नियंत्रण आदेश १९६६ पूर्ण वाच. लेखी करार वेगळा नसेल तर चौदा दिवस, असं आहे ते. सभासदांनी ठरवून टप्प्याने घेतले तर बेकायदा काही नाही.

पंचगंगाकाठ

लेखी कराराचा मुद्दा बरोबर आहे, मी तो उत्तरात लिहायला हवा होता. पण तो करार होतो कसा ते सांगतो. ऊसनोंदीच्या वेळी चिटबॉय, म्हणजे कारखान्याचा गावातला कर्मचारी, कागद पुढे करतो, बारीक अक्षरातला, आणि बोट ठेवून म्हणतो, इथं सही करा. वडिलांनी केली. सही नाही तर तोड नाही, तोड लांबली तर उसाला तुरा येतो आणि वजन घटतं. दोन वर्षांनी कळलं की त्यात हप्त्याने पैसे घ्यायला संमती होती. याला मी सभासदांनी ठरवलं असं म्हणणार नाही.

३१ रुपये हा तळ आहे, विक्रीचा भाव नाही. गेल्या काही हंगामांत साखर त्याच्या बरीच वर विकली गेली. तळ वाढवायला माझाही पाठिंबा आहे. पण ‘एफआरपी एवढी आणि साखर फक्त ३१’ ही तुलना अर्धीच आहे. त्यात इथेनॉल नाही, बगॅसवरची म्हणजे चिपाडावरची वीज नाही.

आणि टप्प्यांचा प्रयोग आपल्याकडे झालाच की. राज्याने २१ फेब्रुवारी २०२२ ला निर्णय काढला. आपल्या पुणे विभागात पहिला हप्ता १० टक्के उतारा धरून, बाकीचे हंगाम संपल्यावर खरा उतारा बघून. तेव्हा १० टक्क्याला २९०० रुपये दर होता, वरच्या प्रत्येक ०.१ ला २९. म्हणजे १२ टक्के उताऱ्याच्या शेतकऱ्याचे टनामागे ५८० रुपये मागे राहणार. एकरी ४० टन धर, २३,२०० रुपये. आणि सोसायटीचं पीककर्ज मुदतीत भरलं नाही तर बिनव्याजी सवलत जाते. शेतकरी नेते राजू शेट्टी याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि १७ मार्च २०२५ ला न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. केंद्राच्या आदेशाने ठरलेली गोष्ट राज्याला अशी बदलता येत नाही. संघराज्याच्या प्रश्नात लिहायला याहून जवळचं उदाहरण आपल्याला कुठलं मिळणार?

हातकणंगले

भावांनो, दोघंबी उताऱ्यावर भांडालाय, पण उतारा मोजतंय कोण? कारखान्याचीच प्रयोगशाळा. वजनकाटा कुणाचा? कारखान्याचाच. एफआरपी असू दे न्हाईतर वाटणी, आकडा तिथूनच येणार. बी-हेवी मळी, म्हंजी साखर पुरती न काढलेली मळी, इथेनॉलला काढली की पोत्यातली साखर कमी दिसतीया, मग तो घटलेला उतारा परत मिळवून धरायचा असतोय. आमच्या गावात शंभरातल्या दहा जणांना बी हे म्हायती न्हाई. तुम्ही उद्या साहेब होणार, तवा आधी काटा बघा.

अर्थशास्त्र पेपर तीन

आता राज्यसेवा मुख्य परीक्षाही वर्णनात्मक झाली आहे, म्हणून एका गोष्टीकडे लक्ष वेधते. तुमच्या दोघांच्या उत्तरात पाणी कुठेच नाही. हमखास दर आणि हमखास गिऱ्हाईक असलेलं आपल्याकडचं हे जवळपास एकमेव पीक, म्हणून नदीकाठापासून माळापर्यंत ऊसच लागला. २०१९ आणि २०२१ ला शिरोळमध्ये तो दिवसचे दिवस पुराच्या पाण्यात उभा होता. जमिनी क्षारपड होतायत. एफआरपी इतकी पक्की ठेवायची तर सोयाबीन-भुईमुगाला निदान त्याच्या निम्मी तरी खात्री द्या. ती मिळत नाही तोवर तुझ्या युक्तिवादाला मी पूर्ण गुण देणार नाही.

पंचगंगाकाठ

पाण्याचं मान्य, ताई. आमचीच सव्वा एकर क्षारपड आहे. पण त्यासाठी दुसऱ्या पिकाची खात्री वाढवा, उसाची काढून घेऊ नका.

कागलकर

मग तीही खात्री कुणीतरी भरायचीच ना? दर वाढवताना पैसे कुठून, हा प्रश्न तू दोन्ही वेळा टाळलास. माझं म्हणणं अजून तेच आहे. आधी ३१ चा तळ वाढवा, महिन्याचा कोटा काढा आणि मग महसूल वाटणी आणा, किमान एफआरपी पायाला ठेवून. रंगराजन समितीनेही मासिक कोटा काढायला सांगितलं होतं. नऊ जणांनी अहवालातलं अर्धंच उचललं, एवढं तुझं खरं.

बीडहून कोल्हापूर

मी या धाग्यावर लिहू की नको असा विचार करत होतो. माझे आईवडील वीस वर्षं याच जिल्ह्यात तोडीला येतायत, मी तोडणी मजुरांच्या पोरांसाठीच्या साखरशाळेत शिकलो. तुमच्या हिशेबात आम्ही ‘तोडणी-वाहतूक वजा’ एवढ्या तीन शब्दांत आहोत. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, ती आंदोलन करून. एफआरपी दरवर्षी केंद्र जाहीर करतं, आमचा दर करार होईल तेव्हा. शेतकऱ्याला पहिली उचल म्हणजे मिळालेले पैसे, आमच्याकडे उचल म्हणजे फिटायचं कर्ज. मुकादमाकडून, म्हणजे मजुरांची टोळी आणणाऱ्या ठेकेदाराकडून, घेतलेली उचल फिटली नाही तर पुढच्या वर्षी त्याच टोळीत यावं लागतं. ७० टक्के असो की ७५, त्यात कोयत्याचा, म्हणजे तोडणी मजुराचा, वाटा किती, हे रंगराजन अहवालाच्या उत्तरात कुणीच लिहीत नाही.

पंचगंगाकाठ

हे माझ्या उत्तरात नव्हतं. आमच्या फडात यंदा जी टोळी होती तिच्यातल्या बाया पहाटे चारला उभ्या असायच्या, मी अभ्यासाला उठायच्या आधी. रविवारी अभ्यासिकेत येशील का? वडिलांचं यंदाचं बिल घेऊन येतो, तू टोळीच्या हिशेबाची वही आण. दोन्ही समोर ठेवून उत्तर पुन्हा लिहू. कागलकर, तूही ये, कारखान्याचा वार्षिक अहवाल घेऊन.