मदत हवी आहे : ‘फायब्रिल’साठी मराठी शब्द

वडोदऱ्यातील मराठी मुलांसाठी कापूस आणि स्नायू यांच्या रचनेवर मी भित्तिफलक तयार करीत असून एका शब्दापाशी काम अडले आहे. ‘फायबर’ला ‘तंतू’ हा रूढ शब्द आहेच. प्रश्न आहे तो त्याच्या आत असणाऱ्या ‘फायब्रिल’चा.

व्युत्पत्ती मी पाहिली आहे. लॅटिनमधील ‘फिब्रा’ म्हणजे तंतू आणि ‘फिब्रिला’ हे त्याचे लघुत्वदर्शक रूप, म्हणजे इवलासा तंतू. हृदयाच्या अनियमित थरथरीला म्हणतात ते ‘फिब्रिलेशन’ही याच मुळाचे. ‘सूक्ष्मतंतू’ मी आधी वापरून पाहिला, पण ‘मायक्रोफायब्रिल’ आला की ‘सूक्ष्म-सूक्ष्मतंतू’ म्हणायची पाळी येते, शिवाय कापडातील ‘मायक्रोफायबर’शी गोंधळ होतो. समईच्या वातीचा पीळ उलगडून चिमटीत धरलेला एकेक धागा हा तंतू. मला नाव हवे आहे ते त्याच्या भिंतीतील, नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या सेल्युलोजच्या तंतूंना. स्नायूतील ‘मायोफायब्रिल’, ज्याची जाडी साधारण 1 ते 2 मायक्रोमीटर असते, त्यालाही तोच शब्द चालला पाहिजे.

संस्कृतात ‘वृक्षक’ म्हणजे लहान झाड. त्याच ‘क’ प्रत्ययाने होणारा ‘तंतुक’ मला मनापासून आवडतो, कारण मुळातला लघुत्वाचा अर्थ त्यात टिकतो. ‘फायब्रिल’ तसाच ठेवणे मला नको आहे, आणि शब्द दहा-बारा वर्षांच्या मुलांना सहज उच्चारता यायला हवा.

जीवशास्त्र किंवा वस्त्रविद्या मराठीतून शिकवणाऱ्यांनी कृपया सांगावे : ‘तंतुक’ या अर्थाने आपल्याकडे वापरात आहे का, की तो ‘फिलामेंट’ या धाग्यासारख्याच दुसऱ्या रचनेच्या नावासाठी राखलेला आहे, आणि तसे असल्यास ‘फायब्रिल’ला आपण काय म्हणता?