एअर पिस्तुलाचे वॅडकटर पेलेट घरी ओतता येतील का?

सागवानी (प्रश्न)

नमस्कार मंडळी. माझं कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात पॅटर्नचं, म्हणजे ज्यावरून ओतकामाचा साचा घेतात त्या नमुन्यांचं, छोटं वर्कशॉप आहे. वडिलांपासूनचा धंदा, सागवानाचे पॅटर्न आणि आता थोडे ॲल्युमिनियमचेही. थोरली मुलगी नववीत आहे, दुधाळीच्या रेंजवर दहा मीटर एअर पिस्तूल शिकते. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत यांची नावं ऐकतच ती मोठी झाली, आणि स्वप्नील कुसळेचं पॅरिसचं ब्राँझ आलं त्या दिवसापासून घरात दुसरा विषय नाही.

पिस्तूल क्लबचं आहे, पण पेलेट (एअर गनच्या शिशाच्या छोट्या गोळ्या) आपले आपण आणायचे. जर्मन मॅच (स्पर्धेच्या दर्जाच्या) पेलेटचा पाचशेचा डबा रोजच्या सरावाला आठवडाभर पुरतो. महिन्याचा हिशेब केला की पोटात गोळा येतो.

माझ्या डोक्यात असं आहे की शिसं ३२७ अंशाला वितळतं. आमच्या गल्लीत बीड (ओतीव लोखंड) ओततात, तिथं १४०० अंशाशिवाय बोलणंच नाही. साचा मी स्वतः मिलिंगवर काढीन. जुन्या बॅटरीचं शिसं भंगारात मिळतं. मग सपाट तोंडाचे वॅडकटर पेलेट घरीच का ओतू नयेत? आणि डब्यावर पेलेटच्या जाडीचे ४.४९, ४.५० मिलिमीटर असे आकडे असतात, त्यानं खरोखर फरक पडतो का? जाणकारांनी सांगावं.

पन्हाळा रोड

काका, करा की बिनधास्त! अमेरिकेत लोक .३५७ मॅग्नम रिव्हॉल्व्हरच्या वॅडकटर गोळ्या घरच्या घरी ओततात, व्हिडिओ ढिगानं पडलेत. त्यांना अख्खी गोळी जमते तर तुम्हाला एवढंसं पेलेट म्हणजे डाव्या हाताचा मळ.

शिरोलीकर

मी शिरोलीत फाउंड्रीत क्वालिटी बघतो, आणि बरीच वर्षं स्वतः एअर पिस्तूल मारतो. त्यामुळं हा प्रश्न दोन्हीकडून माझ्या जवळचा आहे. जरा सविस्तर लिहितो.

पन्हाळा रोड, तू दोन वेगळ्या वस्तू एकत्र केल्यास. रिव्हॉल्व्हरची वॅडकटर म्हणजे सपाट तोंडाचा भरीव शिशाचा दंडगोल. कागदावर स्वच्छ गोल भोक पडावं आणि गुण मोजताना वाद होऊ नये, यासाठीच तो आकार आहे. ती सहसा सावकाश जाणाऱ्या हलक्या काडतुसात घालतात. मऊ शिसं मॅग्नमच्या, म्हणजे जास्त जोराच्या काडतुसाच्या, वेगानं दामटलं की नळीच्या आट्यांत (आतल्या पिळदार खाचांत) चिकटून बसतं. २५ मीटर सेंटर फायर पिस्तुलात, म्हणजे नेमबाज जसपाल राणांनी १९९४ ला हिरोशिमात आणि २००६ ला दोहात आशियाई सुवर्ण घेतलं त्या प्रकारात, .३२ ची वॅडकटर चालते आणि मॅग्नम काडतुसाला नियमानंच बंदी आहे.

आता कायदा. शस्त्र कायदा १९५९, कलम ५. परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही, आणि कायद्याच्या व्याख्येत काडतुसाचे भाग आणि ते बनवायची यंत्रंसुद्धा दारूगोळ्यातच धरली आहेत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान शिक्षा सात वर्षांची आहे. उद्यमनगरात हातात कसब असलेली माणसं खूप आहेत, म्हणून मुद्दाम सांगतो. कुणी गोळीचा साचा काढून मागितला तर तिथंच नाही म्हणायचं. ४.५ मिलिमीटरच्या आणि २० जूलच्या आतल्या एअर गनला परवाना लागत नाही, मुलीचं पिस्तूल त्याच्या निम्म्याच्याही खाली आहे. तेव्हा तिच्या खेळाचा गोळी ओतण्याशी काही संबंध येत नाही.

राहिलं पेलेट. सागवानीभाऊ, एक पेलेट चिमटीत धरून खालून बघा. आतून पोकळ आहे, कमरेला बारीक आहे, आणि मागचा घेर इतका पातळ की नखानं दाबला तर चेपतो. हवेच्या दाबानं तो घेर किंचित फुलतो, आट्या पकडतो, तेव्हा पेलेट फिरत सुटतं. वजन अर्धा ग्रॅम, म्हणजे शिसं पन्नास घन मिलिमीटरसुद्धा नाही. एवढासा थेंब थंड साच्यात पडला की कडेपर्यंत पोचायच्या आत गोठणार. मिसरन (साचा अपुरा भरणं) आणि कोल्ड शट (गार धातूचा सांधा न जुळणं) हे तुम्हाला मी सांगायला नको. शिवाय प्रत्येक नगाला पोकळीसाठी वेगळा कोअर (आतला गाभा), मधे पार्टिंग लाइन (साच्याच्या दोन भागांच्या जोडाची रेघ), आणि शिसं गोठताना आकसतं ते निराळंच. म्हणून कारखानदार पेलेट ओततच नाहीत. शिशाच्या तारेचे तुकडे पोलादी डायमध्ये थंडच दाबतात.

वजन कमीजास्त झालं तर काय होतं, त्याचा हिशेब बघा. पिस्तुलातून पेलेट सेकंदाला साधारण १५० मीटरनं निघतं आणि दहा मीटरवर दोन सेंटिमीटरच्या आसपास खाली येतं. वजन वाढून वेग ५ मीटरनं घटला की आणखी दीड मिलिमीटर खाली. पिस्तुलाच्या टार्गेटवर दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास ११.५ मिलिमीटर आहे आणि पुढचं प्रत्येक वर्तुळ ८ मिलिमीटरवर. म्हणजे डब्यातला फरक पिस्तुलवाल्याला फायनलच्या दशांश गुणांत दिसतो, एरवी हाताच्या थरथरीत बुडून जातो. रायफलवाल्यांचं दुखणं वेगळं. त्यांचा दहा म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका, ते ४.४९ की ४.५० यावर रात्र जागवतात आणि बरोबरच करतात.

तुमच्या मुलीला आत्ता एकाच मापाचा, साधा, चांगल्या कंपनीचा डबा पुरे. सरावाला स्वस्तातला आणि स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात मॅचचा, असं केलं की खर्च बराच खाली येतो. चार पालकांनी मिळून एकाच लॉटचे (एकाच खेपेत बनलेले) डबे घेतले तर आणखी बरं. माप पारखायचंच असेल तर पिस्तूल चौकटीला रबर लावून व्हाइसमध्ये धरा (नळीला नाही), प्रत्येक मापाचे पाच पाच शॉट एकाच जागी मारा आणि भोकाची बाहेरून बाहेर रुंदी व्हर्नियरनं घेऊन त्यातून ४.५ वजा करा. ज्याचं उत्तर सर्वांत लहान ते माप तिच्या नळीचं.

आणि बॅटरीचं शिसं घरात आणू नका, हे हात जोडून सांगतो. त्यात अँटिमनी, आर्सेनिक असतं, प्लेटांवर आम्ल असतं. वितळवताना वर येणारी मळी काढली की तिची पूड उडते, कपड्यांवर बसते आणि संध्याकाळी तुमच्याबरोबर घरी येते. आमच्याकडं बीड ओतताना धूर दिसतो, माणूस सावध होतो. शिशाची पूड दिसत नाही. मुलांच्या अंगात ती मोठ्यांपेक्षा जास्त भिनते आणि थेट मेंदूवर जाते. नववीतल्या पोरीसाठी चार पैसे वाचवायला म्हणून हा धोका घेऊच नका.

तुमच्या हातातल्या कलेचा उपयोग दुसरीकडं आहे. मुलीचं क्लबचं पिस्तूल मोठ्या माणसाच्या मुठीचं असणार. तिला ग्रिप, म्हणजे पिस्तुलाची लाकडी मूठ, करून द्या. सागवानी पॅटर्न काढणाऱ्या माणसाइतकी चांगली ग्रिप कोण करील?

रेंजवरची आई

शिरोलीकर दादांनी पुडीचं लिहिलं ते फार बरं केलं. माझा मुलगा रायफल मारतो. आमच्याकडं नियम असा की रेंजवरून आल्यावर आधी साबण आणि गार पाणी, मग जेवणाचा डबा उघडायचा. पेलेट ओठात धरायची सवय कित्येक मुलांना असते, ती पहिल्या दिवशी मोडावी. घरी सरावाला ट्रॅप (पेलेट अडवायचं खोकं) लावला असेल तर चेपलेले तुकडे झाडूनं लोटू नका, ओल्या फडक्यानं उचला. रक्तातलं शिसं तपासता येतं. ५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा त्याच्या वर आलं तर शिसं कुठून येतंय ते शोधा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आमची तपासणी दरवर्षी होते.

सागवानी

सर्वांचे मनापासून आभार. ओतायचा विषय बंद. बॅटरीवाल्याला फोन करून नको सांगितलं. ताई, ओठात धरायचं तुम्ही लिहिलंत आणि मी लगेच पोरीला विचारलं. धरत होती.

शिरोलीकर, ग्रिपचं वाचून झोप उडाली. क्लबची परवानगी सरांकडं मागतो. मूळ ग्रिप तशीच जपून ठेवीन. नियम काय आहेत? आणि सागवान चालेल का, की अक्रोडच लागतं?

शिरोलीकर

लाकडाला बंधन नाही. सागवान चालेल, फक्त जुनं, वाळलेलं, सरळ धाग्याचं घ्या. घामानं फुगायला नको. पॉलिश करू नका, तळव्याच्या जागी खरखरीत राहू द्या.

नियम मोजकेच. अख्खं पिस्तूल ४२० × २०० × ५० मिलिमीटरच्या पेटीत बसलं पाहिजे, त्यातले ५० म्हणजे ग्रिपची जाडी, तिथंच नवखे अडकतात. वजन १५०० ग्रॅमच्या आत. ग्रिपनं हाताला वेढा घालायचा नाही, मनगट पूर्ण मोकळं. तळहाताखालची फळी ग्रिपशी ९० अंशांपेक्षा कमी कोनात नको, आणि तिची कड वर वळवायची नाही.

आधी तिला पिस्तूल धरून डोळे मिटायला सांगा, हात वर, मग डोळे उघडून साइट बघायची. पुढची माशी (नळीच्या टोकाची साइट) ज्या बाजूला गेली असेल त्याप्रमाणं तळव्यामागचं लाकूड काढायचं किंवा पुट्टीनं भरायचं. एका वेळी थोडंच, कानसीचे चार हात, आणि मग दोन दिवस तिला मारू द्या. ट्रिगरच्या बोटाला लाकूड कुठंही लागता कामा नये, मधे कागद सरकेल एवढी फट ठेवा. हात अजून वाढतोय, तेव्हा ग्रिप मागून थोडी जाड ठेवा, पुढच्या वर्षी काढायला जागा राहील. रविवारी सकाळी मी दुधाळीला असतो. अर्धवट झालेली असली तरी घेऊन या, पेटी माझ्याकडं आहे, मापून बघू.