ख्रिस्ती घरातलं मतदान: तुमचे अनुभव लिहा

जांभळीनाका
काल उपासना सुटल्यावर चर्चच्या आवारात मतदार नोंदणीचं टेबल लागलं होतं. एक काका तणतणले, "देवाच्या घरात हे कशाला?" आणि आप्पाच आठवले. नगरकडचे, कट्टर. 'माझे राज्य या जगाचे नाही' हे योहानातलं वचन ऐकवायचे आणि मतदानाच्या दिवशी तोंडावर चादर घेऊन पडायचे. आई मात्र पदर खोचून सकाळी सातला रांगेत. संध्याकाळपर्यंत घरात अबोला. तुमच्याकडे काय चालायचं? पक्षाचं नाव काढू नका, धागा उडेल.

ऐरोलीकर
आमचे पाळकसाहेब 'कैसराचे ते कैसराला', म्हणजे सरकारचं सरकारला, एवढंच म्हणायचे. कोणाला द्यायचं विचारलं की चहा मागवायचे 😀

नेरूळची_मावशी
सासूबाई उलट्या. बायबलातला यिर्मया २९ काढून बसायच्या. बाबेलात बंदिवान असलेल्यांनाही देवाने त्या नगराचं हित पाहा म्हटलं, मग तुम्हांला वॉर्डात जायला काय होतं? कुकर लावलाय, नंतर येते.

कोळीवाडा_क्रॉस
आम्हा ईस्ट इंडियनांना, म्हणजे मुंबईच्या मूळच्या ख्रिस्ती लोकांना, कोणी शिकवू नये. काका बाप्टिस्टा आमचेच! टिळकांचे दोस्त, १९१६ च्या होमरूल लीगचे अध्यक्ष, पुढे मुंबईचे महापौर.

ऐरोलीकर
काका, दर धाग्यावर बाप्टिस्टा _/\_

सेक्टर_१५
आमच्या दफनभूमीची भिंत पावसात पडली. कुत्री आत शिरायची, ताज्या कबरी उकरायची. अर्ज घेऊन गेलो तर साहेबांनी मान वर न करता विचारलं, "तुमची मतं किती?" नगरसेवकाकडे जावं तर २०२० पासून प्रशासकच बसलेला. मग सगळ्या मंडळ्यांनी मिळून यादी केली, नावापुढे मतदार यादीतला भाग आणि अनुक्रमांक लिहून. अर्ध्याअधिक लोकांचं मतदार यादीत नावच नव्हतं! ते आधी घातलं. दुसऱ्या खेपेला खुर्ची मिळाली, नंतर भिंतही. प्रार्थना केलीच होती, पण अनुक्रमांक नसते तर भिंत झाली नसती हे माझं स्पष्ट मत.

कळवा_ईस्ट
मत देऊ हो, उभं राहायचं म्हटलं तर? आमचा वॉर्ड अनुसूचित जातींसाठी राखीव पडला. भाऊ गल्लीत सगळ्यांच्या अडीनडीला धावणारा, पण बाप्तिस्मा झालेला. अनुसूचित जाती कोण ते ठरवणाऱ्या १९५० च्या आदेशात आधी फक्त हिंदू होते, १९५६ ला शीख आले, १९९० ला बौद्ध. ख्रिस्ती नाहीतच. दाखला गेला, जात मात्र गल्लीत कोणी विसरलेलं नाही.

जांभळीनाका
@कळवा_ईस्ट, काय बोलू. हे आमच्या व्यासपीठावरून कधी ऐकलं नाही.

कोपरखैरणे_काकू
शेजारीण यहोवाची साक्षीदार, त्या ख्रिस्ती पंथातली. मत देत नाही, राष्ट्रगीताला उभी राहते पण म्हणत नाही. सोसायटीत कुजबुज झाली तेव्हा तिच्या मुलाने १९८६ चा बिजो इमॅन्युएल निकाल दाखवला. केरळातल्या तीन भावंडांना त्यासाठीच शाळेतून काढलं होतं, सुप्रीम कोर्टाने परत घ्यायला लावलं. आणि पाणी आलं नाही की पालिकेला पहिलं पत्र हिचंच. आता बोला.

नेरूळची_मावशी
आले. @काकू, तुमची ती सोरपोतेलची (आंबट-तिखट पोर्कची) कृती लिहिणार होता ना?

कोपरखैरणे_काकू
व्हिनेगर मुरू दे, रविवारी टाकते.

घोडबंदर_ट्रॅफिक
अवांतर: मुलुंडहून इकडे आलो, यादीत फर्नांडिसचं 'फणसाडीस' झालंय. फॉर्म कुठला?

सेक्टर_१५
८ नंबर. पत्ता आणि नाव दोन्ही त्यातच. फणसाडीस झकास आहे पण 😂