अनुभव धागा: एकट्यानं कंटेंट करताना नियोजन कसं करता?

धागाकर्ती, पणजी: लिहिणं, शूटिंग, एडिटिंग, पोस्ट टाकणं, सगळं एकाच माणसाकडे. हे वेळेत कसं बसवायचं? नेमकी पद्धत लिहा, का ते सांगा.

फोंडा, स्वयंपाक: एक पदार्थ संपवून दुसरा धरू नका, कॅमेऱ्याच्या जागेनुसार शूट करा. ट्रायपॉड वरून खाली लावला की खतखतं, मुगागाठी, तोंडाक सगळ्यांचे वरचे शॉट उरका, मगच ओट्याच्या उंचीवर या. दर पदार्थाला स्टँड हलवला की उजेड बदलतो आणि एडिटिंगला रंग जुळवत बसावं लागतं. तयार ताटाचा शॉट मात्र थांबवू नका, वाफ असतानाच घ्या. सोलकढी सगळ्यांत शेवटी. ठेवली की नारळाचा रस फुटल्यासारखा दिसतो.

म्हापसा, सण-बाजार: कॅलेंडरात दोन रकाने हवेतच: तारखेचे सण आणि तिथीचे सण. सांजांव (सेंट जॉनचा सण) 24 जूनलाच, गोवा मुक्तिदिन 19 डिसेंबरलाच. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, 2025 मध्ये 27 ऑगस्टला, 2026 मध्ये अधिक मासामुळे 14 सप्टेंबरला. आधीच्या वर्षीचा तक्ता तसाच उचलला तर माटोळीची (गणपतीच्या वर टांगतात त्या फळापानांच्या चौकटीची) रील 18 दिवस आधी पडेल.

माटोळीचा बाजार भरतो तो चवथीच्या तोंडावर. तेव्हा शूट करून तेव्हाच एडिट करायला घरात कुणाला वेळ असतो? म्हणून आंबाडे, तोरिंगं, सुपारीचे घोस यंदा शूट करून ठेवा आणि पुढच्या वर्षी आठवडाभर आधी टाका. भाव मात्र व्हिडिओत बोलू नका, कॅप्शनमध्ये लिहा. तो बदलता येतो.

मासळीवाल्यांसाठी: 1 जून ते 31 जुलै ट्रॉलर बंद. ताज्या इसवणाची (सुरमईची) रील तेव्हा शेड्यूल झाली तर लोक लगेच पकडतात. पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, सुकी मासळी मात्र एप्रिलअखेरच दाखवा, खरेदी मे महिन्यात होते.

वास्को, तांत्रिक: फ्रेम 1080 बाय 1920. खालच्या पाचव्या हिश्श्यात अक्षरं नकोत, कॅप्शन आणि बटणं तिथंच येतात. इन्स्टाग्रामवर 75 दिवस पुढचं शेड्यूल करता येतं, पण पंधरवड्यापलीकडे जाऊ नये असं माझं ठाम मत. गावात काही वाईट घडलं आणि आपली नाचाची रील आपोआप पडली, हे शोभत नाही. अशा वेळी आधी शेड्यूलची यादी उघडायची.

पत्र्यावरचा पाऊस आवाजात शिरला की पूर्ण निघत नाही. जास्त साफ केला तर बोलणंच पोकळ होतं. जून ते सप्टेंबर निवेदन वेगळं रेकॉर्ड करा, कपड्यांचं कपाट उघडून त्याच्यासमोर. कपडे घुमारा शोषून घेतात.

साखळी, हस्तकला: कुठल्याही दिवशी चालतील अशा तीन पोस्ट कायम तयार ठेवा. आजारपणात त्याच कामी येतात. एक वापरली की नवीन काही करण्याआधी ती जागा भरा.

धागाकर्ती, पणजी: फाइलींची नावं कशी ठेवता, तेही लिहा.

साखळी, हस्तकला: तारीख, विषय, शॉट. तारीख वर्षापासून सुरू करा, म्हणजे फाइली आपोआप क्रमानं लागतात. मूळ क्लिप फोनवर एकट्या ठेवू नका. पोस्ट झाल्यावरही दुसरी प्रत हार्ड डिस्कवर हवी.