भावनेच्या आहारी न जाता माहितीची पारख कशी करावी?

जिज्ञासू (प्रश्न):
एखादा दावा पुरता वाचून होण्याआधीच माझे मत ठरलेले असते, असे अलीकडे ध्यानात आले आहे. ज्यांच्याविषयी मनात राग आहे त्यांच्यावरचा आरोप मला तत्काळ पटतो. तसाच आरोप आवडत्या व्यक्तीवर झाला, की मी पुरावे मागू लागतो. तत्त्वज्ञानाच्या अभ्यासाने ही खोड जाते का? ‘तटस्थ राहा’ हा उपदेश पुष्कळदा ऐकला. उपयोग झाला नाही.

नैयायिक:
पुरावा मागणे तुम्हाला येते, पण तो तुम्ही एकाच बाजूकडे मागता, एवढाच दोष आहे. न्यायदर्शन या भारतीय तत्त्वपरंपरेने प्रत्यक्ष (स्वतः पाहिलेले), अनुमान (तर्काने काढलेले), उपमान (साम्यावरून कळलेले) आणि शब्द अशी चार प्रमाणे, म्हणजे ज्ञान मिळवण्याची साधने, मानली. आपल्यापर्यंत येणारी बहुतेक माहिती शब्द या प्रकारातली, म्हणजे दुसऱ्याच्या सांगण्यावरून मिळालेली असते, आणि तिथे अट अशी, की सांगणारा ‘आप्त’ असावा. आप्त म्हणजे नातलग नव्हे. ज्याला ती गोष्ट खरोखर ठाऊक आहे आणि जशी आहे तशी सांगण्याचीच ज्याची इच्छा आहे, तो. याला हे कळण्याचा मार्ग होता का, आणि हे फिरवून सांगण्यात याचा काही लाभ आहे का, हे दोनच प्रश्न विचारावेत. तो आपल्याला आवडतो की नाही, हा प्रश्न त्यांत कुठेच येत नाही.

संशयवादी:
वरील मत मान्य आहे, परंतु भावना म्हणजे निव्वळ अडथळा, हे गृहीतक मला पटत नाही. बुद्धी ही भावनांची दासी आहे, असे तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम यांनी १७३९ मध्येच लिहिले. पुढे मेंदूशास्त्रज्ञ अंतोनियो दामासिओ यांनी एका रुग्णाची हकिगत मांडली: मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झाल्यावर त्याची बुद्धिमत्ता शाबूत राहिली, भावना मात्र बोथट झाल्या, आणि साधेसाधे निर्णय घेणेही त्याला जमेना. राग आला, तर चौकशी कोठे करायची हे तो सांगू शकतो. निकाल देण्याचा अधिकार त्याला देऊ नये, इतकेच.

जिज्ञासू:
नावांची अदलाबदल करून पाहिली, म्हणजे नावडत्या व्यक्तीवरचा आरोप आवडत्या व्यक्तीवर आहे असे मानून पाहिले. अडचण अशी, की ‘ते प्रकरण वेगळे होते’ असे मन लगेच म्हणते, आणि फरक शोधूनही देते!

नैयायिक:
ते होणारच, वाचन वाढले की सबबीही अधिक सुबक होतात. (तर्कदोषांची यादी पाठ असणारे ती बहुधा दुसऱ्यांवरच चालवतात, असा माझा अनुभव आहे.) मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांनी १९६० मध्ये केलेला प्रयोग इथे उपयोगी आहे. त्यांनी २-४-६ ही त्रयी देऊन तिच्यामागचा नियम ओळखायला सांगितला. पुष्कळांनी दोनदोनने वाढणाऱ्या संख्याच सुचवल्या, प्रत्येक वेळी ‘बरोबर’ हे उत्तर मिळाले आणि त्यांची खात्री पक्की होत गेली. प्रत्यक्षात नियम केवळ चढत्या क्रमाचा होता. १-२-३ विचारले असते, तर त्यालाही ‘बरोबर’ हेच उत्तर मिळाले असते आणि चूक तेव्हाच उघडी पडली असती. म्हणून दावा तपासण्यापूर्वी, काय आढळले तर मी मत बदलेन, हे एका वाक्यात लिहून ठेवा. तपासानंतर लिहिलेल्या वाक्याला अर्थ नाही, कारण तोवर मनाने फरक शोधून ठेवलेला असतो.

जिज्ञासू:
कालच्याच एका दाव्याबाबत असे वाक्य लिहायला बसलो. अर्धा तास गेला, एकही सुचले नाही. म्हणजे त्या दाव्याविषयी माझ्यापाशी मत नव्हतेच, नुसता राग होता.