घरच्या सर्व्हरला ईसीसी मेमरी हवी आहे: सी२४६ घेऊ की बी५५०?

प्रश्न
नमस्कार मंडळी. बाबांनी सांगली-मिरजेकडच्या भजनी मंडळांची साडेतीनशे कॅसेटवर रेकॉर्डिंग केली होती. गेली दोन वर्षं मी ती संगणकावर उतरवतेय. मार्चमध्ये लक्षात आलं, एकच फाइल दोनदा कॉपी केली की चेकसम (फाइलच्या मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) वेगळा येतो. रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्राम) लावली, तर रॅमची एक पट्टी बिघडलेली. तोवर अकरा फायलींत मधेच टकटक आवाज शिरला होता. त्यातल्या दोन कॅसेटना बुरशी लागली होती, त्या पुन्हा वाजल्याच नाहीत.

आता ईसीसीच, म्हणजे बिटची चूक आपोआप दुरुस्त करणारी रॅम घेणार. एक तर सी२४६ चिपसेटचा जुना सर्व्हर बोर्ड आणि इंटेलचा आय३-९१०० प्रोसेसर, नाहीतर बी५५० चिपसेटचा नवा बोर्ड आणि एएमडीचा रायझन ५ ५६००जी. दुकानदार म्हणतो, बी५५०ला ईसीसी चालते. ‘सर्व्हर रॅम’ही स्वस्तात देतोय. चार डिस्क, त्यांवर झेडएफएस (चेकसम ठेवून फायली जपणारी फाइल सिस्टिम). काय करू?

उत्तर १
ताई, बाबांच्या कॅसेटचं वाचून वाईट वाटलं. ५६००जी मात्र घेऊ नका. एएमडीत मेमरी कंट्रोलर (रॅम हाताळणारा भाग) प्रोसेसरमध्येच असतो, चिपसेटवर काही ठरत नाही. एएम४ सॉकेटच्या ‘जी’ (आतच ग्राफिक्स असलेल्या) प्रोसेसरांत ईसीसी फक्त ‘प्रो’ला, म्हणजे ५६५०जीसारख्यांना. साध्या ५६००जीवर मशीन सुरू होईल, पण चूक दुरुस्त होणार नाही. बोर्डाच्या माहितीपत्रकात ‘नॉन-ईसीसी मोड’ लिहिलेलं असेल तरी अर्थ तोच.

इंटेलकडे कंट्रोलर प्रोसेसरमध्येच, तरी चिपसेटही ईसीसी चालणारा लागतो; सी२४६ तसा आहे. आय३-९१००ला ईसीसी आहे, त्याच पिढीच्या आय५-९४००ला नाही! पुढच्या आय३-१०१००लाही नाही. सी२४६वर डिस्क जोडायचे आठपर्यंत साटा पोर्ट मिळतात, तुमच्या चार डिस्कना भरपूर. मी तुमच्या जागी हाच घेतला असता.

उत्तर २
रॅम घेताना जपून. सर्व्हरमधून काढलेल्या पट्ट्या बहुतेक रजिस्टर्ड (मधे बफर चिप असलेल्या) असतात. डीडीआर४मध्ये त्या खाचेत नीट बसतात, पण या दोन्ही बोर्डांवर मशीन सुरूच होत नाही. तुम्हाला ईसीसी यूडीआयएमएम, म्हणजे तो बफर नसलेली ईसीसी पट्टी हवी. लेबलवर ‘पीसी४-२४००टी’च्या पुढचं अक्षर बघा: ई असेल तर घ्या, आर असेल तर सोडा, यू म्हणजे ईसीसी नसलेली साधी.

आणि झेडएफएस आहे म्हणून निर्धास्त राहू नका. चेकसम काढण्याआधीच रॅममध्ये बिट उलटला, तर झेडएफएस ती चुकीची फाइलच बरोबर समजून जपून ठेवते. मशीन लागलं की लिनक्सच्या डीमेसगमध्ये (सिस्टिमच्या नोंदींत) ईडीएसीची, म्हणजे मेमरीच्या चुका नोंदवणाऱ्या भागाची ओळ शोधा. ती दिसेपर्यंत एकही कॅसेट उतरवू नका.

प्रश्नकर्ती
आज दुकानात जाऊन लेबल पाहिलं. आर! परत केल्या. सी२४६ आणि आय३-९१०० ठरलं, ‘ई’वाल्या १६ जीबीच्या दोन पट्ट्या मागवल्यात. अजून एकशेचाळीस कॅसेट राहिल्यात. ईडीएसीची ओळ दिसली की इथेच कळवते.